ध्यानाची घाई नको: झाड, माती आणि वही घेऊन चार आठवडे

मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'जरा डोळे मिटून शांत बस' असा. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांनी तो मनापासून पाळलेला असतो. मोबाईलवर ध्यानाचं ॲप घेतलेलं असतं, चार दिवस सतरंजी अंथरून बसून झालेलं असतं, आणि पाचव्या दिवशी 'मला साधं बसताही येत नाही' अशी स्वतःविरुद्धच्या यादीत आणखी एका तक्रारीची भर पडलेली असते.

चूक त्यांची नसते. डोळे मिटले की बाहेरचं जग बंद होतं आणि आतला कल्ला तेवढा उरतो. ज्याला त्या कल्ल्याचाच त्रास आहे त्याला पहिल्याच दिवशी त्याच्याबरोबर एका खोलीत कशाला कोंडायचं? म्हणून मी क्रम उलटा लावते. आधी उघड्या डोळ्यांनी बाहेर बघायचं, मग हातांना काम द्यायचं, मग लिहायचं. डोळे मिटायचे ते सगळ्यात शेवटी.

यात माझं शोधून काढलेलं फार थोडं आहे. जपानमध्ये शोमा मोरिता या मनोविकारतज्ज्ञाने 1919 च्या सुमारास चिंतेने पोखरलेल्या रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. आधी अंथरुणात पूर्ण विश्रांती, मग बागेत नुसतं बघत राहणं आणि रोजनिशी, मग बागकाम आणि घरकाम, आणि मग परत संसारात. भावनेला 'जा' म्हणायचं नाही, ती असू दे, हात मात्र चालू ठेवायचे, असा त्याचा रोख होता. आपल्याकडच्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी घरात कुणी गेलं की तेराव्यानंतर त्या सुनेच्या हातात निवडायला तांदूळ देतच होत्या.

आधी हे वाचा

हा सराव रोजच्या ताणासाठी, चिडचिडीसाठी, उगाच दाटून येण्यासाठी, विचारांचं चऱ्हाट थांबत नसेल त्यासाठी आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस उरला नसेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर झाडाखाली बसायच्या आधी डॉक्टरकडे जा. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. फोनवर मानसिक आधार देणारी सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा. 'बरं वाटतंय म्हणून मीच बंद केल्या' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की माझ्याच पोटात गोळा येतो.

सामान थोडकंच लागतं: दोनशे पानी वही, साधं पेन, किलोभर शाडू माती आणि मोबाईल घरी ठेवायची तयारी. शेवटची वस्तू सगळ्यात महाग पडते.

पहिला आठवडा: एक जागा

घरापासून पाच मिनिटांच्या आत एक जागा ठरवा. पाच मिनिटं ही अट आहे. पुण्यात मी 'जागा शोधा' म्हटलं की लोकांना लगेच वेताळ टेकडी आठवते. टेकडी सुंदरच आहे, खाणीपाशी सकाळी मोर ओरडतात, पण तिथे जायला बूट, पाण्याची बाटली आणि सोबत लागते. तिसऱ्या दिवशी त्यातलं काहीतरी राहतं आणि बेत रद्द होतो. सोसायटीच्या मागचा कडुनिंब चालेल. शाळेच्या भिंतीला टेकलेला गुलमोहर चालेल. अंथरुणावरच्या किंवा घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसाला खिडकीतून दिसणारं झाड चालेल. खिडकीला कमी समजू नका. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. हे 1984 मध्ये प्रसिद्ध झालं.

रोज 20 मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. आठवड्यात सहा दिवस धरले तर 120 मिनिटं होतात. हा आकडा हवेतून आलेला नाही. इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत, जे आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवत होते त्यांनी आपली तब्येत आणि समाधान बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. दोन तास एकदम काढले की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. हे 2019 चं काम आहे. अर्थात, ज्याची तब्येत बरी तोच बाहेर पडतो असंही असू शकतं, पाहणीवरून त्याचा निकाल लागत नाही. पण 20 मिनिटांत आपलं नुकसान तरी काय?

बसल्यावर काय करायचं हा खरा प्रश्न. मी सांगते ते असं:

1. टेकून बसा. पाठीला आधार हवा, मांडी घालायची सक्ती नाही. तळवे जमिनीला लागू देत.
2. पहिली पाच मिनिटं लांबचं बघा. झाडाचा शेंडा, त्यामागचं आभाळ, तारेवरचा वेडा राघू.
3. मग कान. सगळ्यात लांबचा आवाज कुठला आणि सगळ्यात जवळचा कुठला, एवढंच शोधा. रिक्षाचा हॉर्नही आवाजच आहे. त्याला नापास करू नका.
4. पुढची दहा मिनिटं जवळचं एकच काहीतरी घ्या. हातभर जागा. खोडाची साल, मुंगळ्यांची रांग, एक पान.
5. उठायच्या आधी वहीत एक ओळ लिहा. फक्त काय दिसलं ते. काय वाटलं ते या आठवड्यात लिहायचं नाही.

शेवटच्या नियमावर लोक अडतात. 'पण मला रडू आलं, ते नको का लिहू?' नको. आत्ता नको. 'पिंपळाची पानं वारा नसताना हलत होती' एवढं लिहा. (ती खरंच हलतात. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक असतो, त्यामुळे हवेची जराशी चाहूलही त्याला पुरते. फाल्गुन-चैत्रात नवी पालवी तांबूस असते तेव्हा बघत बसावं असं झाड आहे ते.)

मन भटकेलच. कार्यालयातला साहेब, नणंदेचा मेसेज, गॅस बंद केला का. भटकलं हे लक्षात आलं की परत सालीकडे या. वीस मिनिटांत चाळीस वेळा आलात तर चाळीस वेळा सराव झाला. मिशिगनच्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने यामागचं कारण असं मांडलं: हिशेब, गाडी चालवणं, मीटिंग यांत लक्ष मुद्दाम धरून ठेवावं लागतं आणि ते थकतं. पानांची हालचाल, पाणी, ढग लक्ष नुसतं अलगद ओढून घेतात, धरायला लावत नाहीत. त्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं.

एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. घरात आजारी सासरे, त्यामुळे त्यांना बाहेर पडता येत नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा, समोरच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाईपमागे भिंतीतून उगवलेला पिंपळ निवडला. वीतभर रोप. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं, 'सात पानं.' तिसऱ्या दिवशी, 'एका पानाला भोक.' सहाव्या दिवशी, 'आठवं पान, बोटाच्या नखाएवढं, लाल.' नवव्या दिवशी रंगाऱ्याने रोप उपटून टाकलं. त्या पुढच्या भेटीला आल्या त्या संतापून. रंगाऱ्यावर, सोसायटीवर, मग सासऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या एकटीवर टाकणाऱ्या दिरावर. वर्षभर 'मी ठीक आहे' म्हणणारी बाई तासभर रागाने बोलली. आम्ही त्या तासाला काहीही 'समजावलं' नाही. पिंपळ असा उपटून जात नसतो हे रंगाऱ्याला कोण सांगणार, एवढंच जाताना म्हणाल्या.

दुसरा आठवडा: हात

झाडाची वेळ चालूच ठेवा, ती 10 मिनिटांवर आणली तरी चालेल. तिला हातांची जोड द्या, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी 45 मिनिटं.

चित्रांचा आजारपणाशी संबंध जोडून त्याला 'कलोपचार' असा शब्द देणारा एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार. क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना तो चित्रं काढत राहिला, इतर रुग्णांनाही काढायला लावली आणि 1942 मध्ये तो शब्द वापरात आणला. अलीकडे, 2016 मध्ये, फिलाडेल्फियातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचे कागद देऊन मोकळं सोडलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, आधीपेक्षा उतरलं. ज्यांना कलेचा गंध नव्हता आणि ज्यांना होता, त्यांच्यात फरक दिसला नाही. पाहणी छोटी आहे. पण 'मला चित्र येत नाही' या सबबीला ती पुरून उरते.

माती मी सगळ्यांत वर ठेवते, कारण ती हाताला उत्तर देते. गणपतीच्या आधी शाडू कुठेही मिळते, एरवी कलासाहित्याच्या दुकानात किंवा मूर्तिकाराकडे. ताटात जुना टॉवेल पसरा, त्यावर माती. कणकेएवढी मऊ हवी. चिरा पडल्या तर ओल्या बोटाने पाणी द्या, फार चिकटली तर थोडी हवेवर ठेवा. काम झालं की ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधा. वाळून दगड झाली तरी फेकू नका, रात्रभर पाण्यात भिजली की परत माती. सिंकमध्ये हात मात्र धुऊ नका. बादलीत धुवा, नाहीतर प्लंबर बोलवावा लागेल.

पहिल्या बैठकीत फक्त मळा. दहा मिनिटं, पोळ्यांची कणीक मळता तशी, पण पोळ्या करायच्या नाहीत हे लक्षात ठेवून. मग मुठीत आवळा आणि सोडा. बोटांचे ठसे बघा.

दुसऱ्या बैठकीत डोळे मिटून (हातात माती असताना चालतं) आजच्या दिवसाचा आकार करा. दिवस हातात धरता आला असता तर केवढा असता? टोकदार की बुळबुळीत, भरीव की पोकळ? झाला की उघड्या डोळ्यांनी सगळीकडून फिरवून बघा आणि त्याला नाव द्या. मग हवं तर मोडा. मोडणं हाही कामाचा भाग आहे. एका गृहस्थांनी सलग तीन वेळा तोच गोळा केला आणि तीनदा टेबलावर आपटला. चौथ्यांदा म्हणाले, 'झालं.' काय झालं ते मी विचारलं नाही.

एक इशारा: मराठी माणसाच्या हातात शाडू आली की त्याचा गणपती होतो. तसा झाला तर होऊ द्या, नमस्कार करा आणि दुसरा गोळा घ्या. इथे मूर्ती छान जमण्याला गुण नाहीत.

मातीची किळस येत असेल, हातावर जखमा असतील, तर कागद घ्या. आपल्या जागेवरचं एक पान आणा, त्याच्या कडेवर नजर ठेवा आणि कागदाकडे न बघता, पेन न उचलता ती कड काढा. नजर चालेल त्याच वेगाने हात चालला पाहिजे, म्हणजे गोगलगायीच्या. चित्र वेडंवाकडं येईल, तेच अपेक्षित आहे. ठिपक्यांची रांगोळी, गोधडीचे धावदोरे, क्रोशा हेही चालतं. मोबाईलवर रंग भरायची ॲप मात्र यात धरत नाही. बोटाला काचेशिवाय काही लागत नाही.

तिसरा आठवडा: शब्द

आता काय वाटतं ते लिहायचं. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याकडे कमी फिरकले. पण लिहून उठल्यावर लगेच त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. ही दुसरी गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पहिल्या दिवशी रडू फुटलं की माणूस वही कपाटात टाकतो.

मी वापरते ते नियम थोडे आहेत. चार दिवस सलग, 15 मिनिटं, गजर लावून. पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर 'सुचत नाही, सुचत नाही' हेच लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नको. दिवेलागणीच्या आधी लिहा, झोपण्यापूर्वी कधीच नको. लिहून झालं की दहा मिनिटं झाडापाशी जाऊन बसा, म्हणूनच ते झाड आधी ठरवलं होतं. घरात वही वाचली जाण्याची भीती असेल तर सुट्या कागदांवर लिहा आणि फाडून टाका. आणि एखादी आठवण अंगावर धावून येतेय, हातपाय गार पडताहेत असं झालं, तर तिथेच थांबा. पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. ती आठवण एकट्याने उघडायची नाही, ती तज्ज्ञासमोरची आहे. नुकताच घरात मृत्यू किंवा अपघात झाला असेल तर हा आठवडा पूर्ण वगळा आणि मातीवरच राहा.

सरळ लिहिणं जड जातं त्यांच्यासाठी आपल्याच घरातली एक वाट आहे. पहाटे जात्यावर बसून बायका जे बोलत होत्या ते दिवसा कुणापुढे बोलायची सोय नव्हती. सासुरवास, लांब गेलेला भाऊ, गेलेलं मूल, नवऱ्याचा हात. हेमा राईरकर आणि गी पॉयतवॅं या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. त्या ओव्यांमध्ये एक युक्ती आहे. बाई दुःख थेट सांगत नाही, जात्याला सांगते. जातं देव होतं, सखी होतं. हात फिरत असतात, दगडाला लय असते, आणि त्या लयीत जीभ सुटते.

तुमच्याकडे जातं नसेल. मिक्सर असेल, लोकलचा दांडा असेल, तुमचं झाड असेल. त्याला हाक मारा आणि दोन ओळी लिहा. पहिली ओळ त्या वस्तूबद्दल, दुसरी स्वतःबद्दल. एकीने लिहिलेली, तिला विचारून देते:

*कुकरबाई तुझी शिट्टी, साऱ्या घराला कळते*
*माझ्या जिवाची गं वाफ, आतल्या आत फिरते*

यमक जुळलंच पाहिजे असं नाही. रोज एक, सात दिवसांत सात. पुरुषांना हे सांगितलं की सुरुवातीला हसतात, मग बहुतेक जण गाडीला उद्देशून लिहितात.

चौथा आठवडा: डोळे मिटणं

आता कुठे बसायचं. तीन मिनिटं. खुर्चीत, पाय जमिनीवर. पहिलं मिनिट: आत्ता काय चाललंय, विचार, भावना, अंगातला ताण, नुसतं नोंदवा. दुसरं: श्वास नाकपुड्यांपाशी किंवा पोटात जिथे कळतो तिथे लक्ष. तिसरं: लक्ष मोठं करत पूर्ण अंगावर न्या, मग डोळे उघडा आणि खिडकीबाहेर बघा. रोज दोनदा.

श्वासाकडे बघितलं की छाती आवळते असं काहींचं होतं, दमेकऱ्यांचं आणि पॅनिकचे झटके येणाऱ्यांचं विशेष. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि तळपायांवर किंवा आवाजांवर लक्ष ठेवावं, डोळे अर्धे उघडे. त्याला कमअस्सल ध्यान समजू नये. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात लोकांना चालायला आणि एकच मनुका सावकाश खायलाही लावतात.

तीन मिनिटं जमू लागली की काही जण थेट इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचं ठरवतात. जरूर जा, पण मन स्थिर असताना. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. नैराश्याच्या ऐन भरात दहा दिवसांचं मौन हा उपचार नव्हे.

बिनसतं कुठे

पावसाळ्यात. जूनमध्ये सुरू केलेला सराव पहिल्या मुसळधार आठवड्यात बुडतो. तेव्हा जागा बाल्कनीत किंवा जिन्याच्या खिडकीत हलवा. पत्र्यावरचा पाऊस ऐकणं हाही सरावच. डासांसाठी पूर्ण बाह्या आणि मोजे. बायकांनी उजेड असताना आणि माणसांची ये-जा असलेली जागा निवडावी. एकांत मिळावा म्हणून धोका पत्करू नये. शेजारी विचारतातच, 'इथे काय करताय?' 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणा, पुढचा प्रश्न येत नाही.

चार दिवस सुटले तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, होता तिथून पुढे. आणि मित्राचं फळ दोन आठवड्यांत दिसलं, माझं नाही, असली तुलना होते. दिसण्यासारखं काय असतं? झोप दहा मिनिटं लवकर लागते. मुलावर ओरडण्याआधी एक श्वास मध्ये येतो. वहीत 'सगळं बेकार' याऐवजी 'दुपारी चार वाजता बेकार' असं येतं. हा शेवटचा बदल मी सगळ्यात आधी शोधते.

तज्ज्ञाकडे जायचं ठरलं तर

महिनाभर करूनही फरक नसेल, किंवा लिहिताना असं काही वर आलं की ते एकट्याने पेलवत नाही, तर थांबू नका. औषध लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, ते एमडी किंवा तत्सम पदवीचे डॉक्टर असतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. 'कला', 'निसर्ग', 'माइंडफुलनेस' (आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देणं) असे फलक लावलेल्या कुणाकडे जाणार असाल तर तीन गोष्टी विचारा: मूळ शिक्षण मानसशास्त्रात झालंय का, तुम्ही स्वतः कुणाच्या देखरेखीखाली काम करता का, आणि माझी अवस्था बिघडली तर कुणाकडे पाठवाल. तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळेल त्याच्याकडे चित्रं शिकायला जा, उपचाराला नको.

जाताना वही सोबत न्या. पहिल्या भेटीत 'काय होतंय' असं विचारलं की बहुतेकांची वाचा बसते. अशा वेळी पहिल्या आठवड्याचं पान उघडून समोर ठेवा, सात पानं, एकाला भोक, आणि मग तिसऱ्या आठवड्याचं.